इंग्लंडच्या उमराव घराण्यातल्या लेकी-सुना: कॅव्हेंडिश घराण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथले बहुतेक प्रश्न एकाच घराण्याभोवतीचे आहेत: कॅव्हेंडिश, म्हणजेच डेव्हनशरचे ड्यूक (उमरावांतली सर्वांत वरची पदवी; अर्ल त्याहून खालची). या घरात सून म्हणून आलेल्या आणि इथून सासरी गेलेल्या बायकांची चारशे वर्षांची लग्नं शेजारी शेजारी ठेवली, की उमरावांच्या लग्नाचा सगळा कायदा डोळ्यांपुढे उभा राहतो. एक सूचना आधीच. कुणाचं कुणावर प्रेम होतं हे शोधण्यापूर्वी लग्नाचा करारनामा बघा. पैसा किती, कुणाच्या ताब्यात आणि कधीपर्यंत, एवढं कळलं तर त्या बाईच्या वागण्यातल्या निम्म्या गोष्टी आपोआप उलगडतात.

हे घराणं उभं कुणी केलं?

एका बाईने, आणि चार लग्नांमधून. एलिझाबेथ हार्डविक, जिला सगळे ‘बेस ऑफ हार्डविक’ म्हणतात, डर्बीशरमधल्या बेताच्या जमीनदाराची मुलगी. पहिला नवरा रॉबर्ट बार्ली कोवळ्या वयात, १५४४ मध्ये वारला. विधवेला नवऱ्याच्या जमिनीचा एक तृतीयांश हिस्सा तहहयात मिळावा, असा कायदा होता. पण सासरचा वारस अज्ञान असल्याने त्याची मालमत्ता पालकाच्या ताब्यात गेली आणि तो हिस्सा सोडेना. बेस कोर्टात गेली आणि हक्क मिळवून परतली. मिळालेली रक्कम मोठी नव्हती; धडा मात्र तिला जन्मभर पुरला.

दुसरं लग्न १५४७ मध्ये सर विल्यम कॅव्हेंडिशशी. हा राजाच्या खासगी तिजोरीचा खजिनदार. त्याने दक्षिणेतल्या जमिनी विकून बायकोच्या माहेरच्या मुलखात जमीन घेतली. १५४९ मध्ये ६०० पौंडांना घेतलेलं चॅट्सवर्थ त्यातलंच. व्यवहार दोघांच्या नावावर झाला, हे महत्त्वाचं. १५५७ मध्ये कॅव्हेंडिश वारला तेव्हा हिशेबातल्या तुटीपोटी तो सरकारला ५,००० पौंडांहून जास्त देणं लागत होता. जमीन एकट्या नवऱ्याच्या नावावर असती, तर ती वाचवणं फार अवघड गेलं असतं. तिला झालेल्या आठ मुलांपैकी सहा जगली; सगळी याच नवऱ्याची.

तिसरा नवरा सर विल्यम सेंट लो आपलं सगळं तिच्या नावावर करून गेला. चौथा श्रूझबरीचा अर्ल जॉर्ज टॅल्बट. त्याच्याशी लग्न ठरलं तेव्हा तिने आपल्या दोन मुलांची त्याच्या दोन मुलांशी लग्नं लावून दिली, म्हणजे या संसाराचं काही बिनसलं तरी पैसा घरातच राहावा. संसार बिनसलाच. स्कॉटलंडच्या कैदी राणी मेरीला १५६९ पासून पंधरा वर्षं सांभाळण्याचं काम अर्लकडे होतं आणि त्या खर्चाने, संशयाने नवरा-बायको वेगळे झाले. १५९० मध्ये तो वारला. मग तिने हार्डविक हॉल बांधला आणि मनोऱ्यांच्या माथ्यावर आकाशाला भिडतील अशी दगडी आद्याक्षरं बसवली, ‘ई. एस.’: एलिझाबेथ श्रूझबरी.

डेव्हनशरचे ड्यूक, मग वाडा डर्बीशरमध्ये कसा?

पदवीतलं गाव आणि ताब्यातली जमीन एकच असली पाहिजे, असा नियम नाही. बेसचा मुलगा विल्यम १६१८ मध्ये डेव्हनशरचा अर्ल झाला, १६९४ मध्ये घराण्याला ड्यूकपद मिळालं. वाडा पहिल्यापासून डर्बीशरमध्येच.

मुलींची लग्नं कितव्या वर्षी व्हायची?

चर्चच्या कायद्याने मुलगी १२ आणि मुलगा १४ वर्षांचा झाला की त्यांची संमती ग्राह्य. त्याहून लहान वयात लग्न लागायचं, पण जाणतं झाल्यावर ते नाकारता येत असे. बेसने १५६८ मध्ये लावलेल्या दोन लग्नांत तिची मुलगी मेरी १२ वर्षांची होती आणि सून ग्रेस टॅल्बट सुमारे ८ वर्षांची. १६०८ मध्ये क्रिश्चन ब्रूस ही १२ वर्षांची मुलगी या घराची सून झाली. (क्रिश्चन हे इथे बाईचं नाव आहे.) १६२८ मध्ये नवरा कर्जाचा डोंगर मागे ठेवून गेला, तेव्हा याच क्रिश्चनने खटले लढवून मुलासाठी इस्टेट सोडवली.

अठराव्या शतकात वय वाढलं. ऑल्थॉर्पच्या स्पेन्सर घराण्यातली जॉर्जियाना ७ जून १७७४ रोजी पाचव्या ड्यूकची बायको झाली, तो तिचा सतरावा वाढदिवस होता. पण एवढ्या लवकर लग्न होणं तोवर कमी झालं होतं. तिच्या मुलींपैकी थोरली १७ व्या वर्षी सासरी गेली, धाकटी हॅरिएट २४ व्या वर्षी.

१७५३ च्या विवाह कायद्याने आणखी एक गाठ मारली. चर्चमध्ये नावांची जाहीर घोषणा किंवा परवाना असल्याशिवाय लग्न वैध नाही, आणि परवान्याने लग्न करायचं तर २१ च्या आतल्या वधूवरांना वडिलांची संमती हवी. इस्टेटीची वारस असलेली मुलगी कुणी पळवून नेऊ नये, हा खरा हेतू. स्कॉटलंडला तो कायदा लागू नव्हता, म्हणून प्रेमी जोडपी घोडागाडी करून सरहद्दीवरच्या ग्रेटना ग्रीनला पळत.

लग्नाच्या करारनाम्यात नेमकं काय लिहिलेलं असे?

लग्न लागताच कायद्याच्या दृष्टीने बायको नवऱ्यात विलीन होई. तिची रोकड आणि जिनसा त्याच्या, जमिनीचं उत्पन्न त्याचं, आणि ती स्वतःच्या नावाने करार करू शकत नसे. म्हणून दोन्हीकडचे वकील लग्नाआधी महिनोन् महिने घासाघीस करत. कलमं साधारण अशी:

पहिलं, ‘पोर्शन’. मुलीच्या बापाने द्यायची रोख रक्कम, म्हणजे आपला हुंडाच. ती बहुधा हप्त्यांनी येई, आणि भांडणं इथेच सुरू होत: सासऱ्याचा हप्ता थकला की जावई इतर कलमं पाळायला टाळाटाळ करी.

दुसरं, ‘पिन मनी’. बायकोचा स्वतंत्र वार्षिक हातखर्च. मराठीत चोळीबांगडीचा खर्च म्हटलं तर चालेल. जॉर्जियानाला वर्षाला ४,००० पौंड ठरले होते, आणि ही रक्कम त्या काळी डोळे दिपवणारी होती.

तिसरं, ‘जॉइंचर’, वैधव्यातली वार्षिक नेमणूक. जुन्या एक तृतीयांश हिश्श्याऐवजी ही ठराविक रक्कम देण्याची सोय १५३६ च्या कायद्याने पक्की झाली. अठराव्या शतकातला ढोबळ हिशेब असा की बापाने १०,००० पौंड पोर्शन दिला, तर विधवेला वर्षाला सुमारे १,००० पौंड. शंभर वर्षांपूर्वी हेच प्रमाण बायकांना बरंच जास्त फायद्याचं होतं. म्हणजे बाईची किंमत उतरत गेली, असं म्हणायला हरकत नाही.

चौथं, होणाऱ्या धाकट्या मुलांच्या आणि मुलींच्या वाट्याची रक्कम. मूल जन्मायच्या आधीच ती ठरलेली असे.

हे सगळं विश्वस्तांच्या नावे बांधलेलं असे. सतराव्या शतकाच्या मध्यापासून जमीनही अशीच बांधून ठेवायची पद्धत रुळली: सध्याचा मालक फक्त तहहयात उपभोक्ता, खरा मालक त्याचा अजून न जन्मलेला नातू. मुलगा २१ वर्षांचा झाला की बाप-लेक मिळून गाठ सोडत आणि लगेच पुन्हा बांधत. मुलगाही कबूल होई, कारण सही केल्याशिवाय त्याला स्वतःचा खर्च मिळत नसे.

बिघडायचं कुठे? एकाच वेळी दोन-तीन विधवा हयात असल्या, तर सगळ्यांच्या नेमणुका एकाच इस्टेटीच्या मानेवर बसत. विश्वस्त नवऱ्याचेच दोस्त असत. आणि नवरा गोड बोलून बायकोचा हातखर्च परत स्वतःच्या खिशात घालू शकत असे. वर्षभराहून जुनी थकबाकी कोर्टही सहसा वसूल करून देत नसे.

दागिने तरी तिचे असत का?

अंगावरचे काही. घराण्याचे हिरे वारसाने पुढच्या सुनेकडे जात. विधवा झाल्यावर ते परत करावे लागत आणि त्यावरून जुन्या-नव्या डचेसमध्ये, म्हणजे ड्यूकच्या बायकांमध्ये, कुरबुरी होत. आपल्याकडचं स्त्रीधन डोळ्यांपुढे ठेवून त्यांच्याकडे बघू नका.

४,००० पौंड हातखर्च असूनही जॉर्जियाना कर्जात का बुडाली?

पत्त्यांमुळे, त्यातही फेरो या खेळामुळे. जुगाराचं देणं कायद्याने वसूल करता येत नसे, पण ‘अब्रूचं देणं’ म्हणून ते शिंप्या-वाण्यांच्या आधी चुकतं केलं जाई. लग्नाला दोन वर्षं होताहेत तोवर कर्ज ३,००० पौंडांवर गेलं होतं. आई-वडिलांनी ते फेडलं, अट एवढीच की नवऱ्याला सांगायचं.

खरी चूक पुढची. ती दर वेळी आकडा कमी सांगायची. नवरा सांगितलेलं फेडायचा, लपवलेलं व्याजाने वाढायचं, आणि ते झाकायला नवं कर्ज घ्यायचं. बँकर थॉमस कूट्स हा तिच्या मोठ्या धनकोंपैकी एक. बायकोला स्वतःच्या नावाने कर्ज घेण्याचा कायदेशीर अधिकार नसताना सावकार देत का? देत, कारण शेवटी ड्यूक फेडेल याची त्यांना खात्री होती. ती १८०६ मध्ये वारल्यावर देण्यांचा खरा आकडा हळूहळू बाहेर आला.

नवऱ्याची प्रेयसी घरातच राहत होती, हे खरं?

खरं. लेडी एलिझाबेथ फॉस्टर १७८२ मध्ये बाथला दोघांना भेटली आणि राहिलीच. तिला लबाड म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण तिची बाजू आधी बघा. नवऱ्यापासून ती वेगळी झालेली, पोटगीचा पत्ता नाही आणि दोन्ही मुलं आयर्लंडला बापाकडे. मुलांचा ताबा कायद्याने बापाचा, त्यामुळे चौदा वर्षं मुलं तिच्या दृष्टीस पडली नाहीत. त्या घरात तिला छप्पर मिळालं. ड्यूकपासून तिला दोन मुलं झाली, दोन्ही परदेशात.

जॉर्जियानाने हे सोसलं, आणि एलिझाबेथवर तिची स्वतःचीही माया होती. मुलगा होईपर्यंत तिचं आसन डळमळीतच होतं. लग्नानंतर नऊ वर्षांनी पहिली मुलगी, मग दुसरी, आणि वारस झाला तो २१ मे १७९० रोजी, पॅरिसमध्ये. मूल एलिझाबेथचं आहे अशी वावडी उठू नये म्हणून त्या रात्री एलिझाबेथ मुद्दाम ऑपेराला जाऊन चारचौघांत बसली.

मग जॉर्जियाना स्वतः चार्ल्स ग्रेच्या प्रेमात पडली आणि १७९१ मध्ये तिला दिवस गेले. ड्यूकने पर्याय दिला: ग्रेला सोड, नाहीतर मुलं पुन्हा दिसणार नाहीत. फेब्रुवारी १७९२ मध्ये फ्रान्सला जन्मलेली मुलगी ग्रेच्या आई-वडिलांकडे गेली, आणि जॉर्जियाना १७९३ मध्ये परतली. नवऱ्याने तीन ठिकाणी मुलं करूनही त्याचं काही अडलं नाही, तिला मात्र दोन वर्षं परदेशी काढावी लागली. हाच ग्रे पुढे पंतप्रधान झाला.

जॉर्जियानाच्या मृत्यूनंतर, १८०९ मध्ये, ड्यूकने एलिझाबेथशी लग्न केलं. दोन वर्षांत तोही गेला.

सरळ घटस्फोट का घेत नसत?

कारण घटस्फोटासाठी संसदेत स्वतंत्र कायदाच मंजूर करून घ्यावा लागे. रीत तीन टप्प्यांची: नवऱ्याने बायकोच्या प्रियकरावर नुकसानभरपाईचा दावा लावायचा, चर्चच्या कोर्टातून विभक्त राहण्याचा हुकूम घ्यायचा, मग संसदेत विधेयक आणायचं. नोकरांच्या साक्षी वर्तमानपत्रांत चवीने छापून येत. १८५७ पूर्वी असे घटस्फोट सव्वातीनशेच्या आसपास झाले. त्यांत बायकोच्या अर्जावरून झालेले फक्त ४. नवऱ्याचा व्यभिचार एवढं कारण बाईला पुरत नसे.

जॉर्जियानाची बहीण हॅरिएट हिच्यावर नवऱ्याने १७९० मध्ये अशी कारवाई सुरू केली होती. दोन्ही घरांनी दबाव आणून ती मागे घ्यायला लावली. मुलांवरच्या बापाच्या हक्काला पहिली फट पडली १८३९ मध्ये, सात वर्षांखालच्या मुलांसाठी. बायकोची मालमत्ता पुरती बायकोची झाली ती १८८२ च्या कायद्याने.

बिनलग्नाची मुलं वंशावळीत कशी ओळखायची?

आडनावावरून. ड्यूकची लग्नाआधीची मुलगी शार्लट विल्यम्स, जिला जॉर्जियानाने वाढवलं. एलिझाबेथची कॅरोलिन सेंट ज्यूल्स आणि ऑगस्टस क्लिफर्ड. जॉर्जियानाची एलायझा कोर्टनी. ‘क्लिफर्ड’ ही घराण्याच्याच एका पदवीतली खूण; ज्यांना कळायचं त्यांना कळत असे. पदवी वा बांधलेली जमीन या मुलांना मिळत नसे, पण नोकरी आणि स्थळ मिळवून देत. ऑगस्टस पुढे सरदारांच्या सभागृहाचा ‘ब्लॅक रॉड’ हा अधिकारी झाला.

यातली सर्वांत गुंतागुंतीची गाठ पुढच्या पिढीची. हॅरिएटला (जॉर्जियानाच्या बहिणीला) ग्रॅनव्हिल लेव्हसन-गोअरपासून दोन मुलं होती. १८०९ मध्ये त्याच ग्रॅनव्हिलने तिच्या भाचीशी, म्हणजे ड्यूकच्या धाकट्या मुलीशी लग्न केलं. भाचीने मावशीची दोन्ही मुलं सांभाळली आणि संसारही सुखाचा केला.

मुलगा नसेल तर मुलीला पदवी मिळते?

सहसा नाही. ड्यूकपद पुरुषवंशानेच चालतं. अपवाद राजाज्ञेत लिहून घ्यावा लागतो. मार्लबरोचं ड्यूकपद १७२२ मध्ये मुलीकडे गेलं ते अशाच खास तरतुदीमुळे. काही जुन्या बॅरनपदव्या मुलींकडे जाऊ शकतात, पण मुली दोन असल्या तर थोरली-धाकटी हा भेद नसतो आणि पदवी अधांतरी लटकते. जॉर्जियानाचा मुलगा, अविवाहित सहावा ड्यूक, १८५८ मध्ये वारला तेव्हा आजीकडून आलेली क्लिफर्ड बॅरनपदवी अशीच त्याच्या दोन बहिणींच्या शाखांमध्ये अडकली, तर ड्यूकपद चुलत शाखेकडे गेलं.

दत्तकाचा प्रश्न मराठी वाचक हमखास विचारतात. दत्तक मुलाला पदवी मिळत नाही. इंग्लंडमध्ये कायदेशीर दत्तकविधानच १९२६ मध्ये आलं. दत्तक नामंजूर करून १८४८ मध्ये सातारा खालसा करणाऱ्यांच्या स्वतःच्या घरी ही सोय नव्हती, हे लक्षात ठेवण्यासारखं.

मुलींकडून जमीन घराण्यात आली, असं झालं का?

सर्वांत मोठं उदाहरण शार्लट बॉइल, बर्लिंग्टनच्या अर्लची वारस. १७४८ मध्ये १६ व्या वर्षी लग्न, १७५४ मध्ये देवी येऊन मृत्यू. सहा वर्षांच्या त्या संसाराने कॅव्हेंडिशांना चिझिक हाउस, लंडनचं बर्लिंग्टन हाउस, यॉर्कशरमधलं बोल्टन ॲबी आणि आयर्लंडमधला लिझमोर किल्ला मिळवून दिला. सासूचा या लग्नाला कडवा विरोध होता.

‘लेडी एलिझाबेथ’ आणि ‘लेडी फॉस्टर’ यांत फरक काय?

मोठा. ड्यूक, मार्क्विस आणि अर्ल यांच्या मुलींना जन्माने ‘लेडी’ लागतं, आणि ते त्यांच्या स्वतःच्या नावाआधी. साध्या माणसाशी लग्न केलं तरी ते टिकतं. एलिझाबेथचा नवरा नुसता मिस्टर फॉस्टर. ती मात्र अर्लची मुलगी, म्हणून ‘लेडी एलिझाबेथ फॉस्टर’. ‘लेडी’पुढे फक्त आडनाव आलं, तर ती पदवी नवऱ्याकडून आलेली. ड्यूकच्या विधवेला ‘डाउअजर’ म्हणतात.

बायकांना राजकारणात काही स्थान होतं का?

मत नव्हतं, वजन होतं. १७८४ च्या वेस्टमिन्स्टर निवडणुकीत जॉर्जियाना व्हिग पक्षाचा नेता चार्ल्स जेम्स फॉक्ससाठी गल्लीबोळांत फिरली. मतांच्या बदल्यात खाटकांना मुके दिले, अशी व्यंगचित्रं निघाली. फॉक्स निवडून आला. तिच्यासारखंच काम इतर घरंदाज बायकाही करत होत्या. चिखलफेक सर्वांत जास्त तिच्यावर झाली.

एकच बाई दोनदा डचेस कशी?

हनोव्हरहून आलेली लुईझ १८५२ मध्ये पुढे मँचेस्टरचा ड्यूक झालेल्या माणसाची बायको झाली. पुढे डेव्हनशरच्या ड्यूकपदाचा वारस हार्टिंग्टन याच्याशी तिचे संबंध अनेक वर्षं सर्वांना माहीत होते, पण घटस्फोटाचं नाव कुणी काढलं नाही. पहिला नवरा १८९० मध्ये गेला, हार्टिंग्टन १८९१ मध्ये डेव्हनशरचा आठवा ड्यूक झाला, १८९२ मध्ये लग्न. हाच हार्टिंग्टन १८८० ते १८८२ मध्ये ब्रिटिश मंत्रिमंडळात भारतमंत्री होता.

कॅथलीन केनेडीच्या लग्नाला अडचण कसली?

धर्माची. ही अमेरिकेचे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जॉन केनेडी यांची बहीण, आणि नवरा दहाव्या ड्यूकचा थोरला मुलगा. ती कॅथलिक, कॅव्हेंडिश पक्के प्रॉटेस्टंट, आणि होणारी मुलं कोणत्या चर्चची यावर तडजोड निघेना. शेवटी ६ मे १९४४ रोजी चेल्सीत नोंदणी पद्धतीने लग्न झालं. माहेरचा फक्त एक भाऊ हजर होता. सप्टेंबरमध्ये नवरा बेल्जियममध्ये युद्धात पडला, १९४८ मध्ये ती विमान अपघातात गेली. त्यामुळे ड्यूकपद धाकट्या दिराकडे आलं. १९५० मध्ये सासरे वारले तेव्हा मृत्युकर ८० टक्के होता, आणि तो भागवताना बेसचा हार्डविक हॉल हातचा गेला.

कॅव्हेंडिश केळ्याचा या घराण्याशी संबंध आहे?

आहे. जॉर्जियानाच्या त्याच पॅरिसला जन्मलेल्या मुलाच्या काळात, १८३० च्या दशकात, माळी जोसेफ पॅक्स्टनने चॅट्सवर्थच्या काचघरात ही जात वाढवली आणि मालकाचं नाव दिलं. जळगावात लावली जाणारी ग्रँड नैन याच गटातली.

जुन्या कागदांतल्या तारखा आणि नावं जुळत नाहीत. काय करायचं?

१७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. बेस १३ फेब्रुवारी १६०८ रोजी वारली. तेव्हाच्या कागदात ते १६०७ दिसेल. जानेवारी ते २४ मार्च या काळातली तारीख आली की आधी हे तपासा.

नावांचा घोळ त्याहून वाईट. जॉर्जियानाच्या मुलीचं नावही जॉर्जियाना. बहीण हॅरिएट आणि धाकटी मुलगीही हॅरिएट. त्यात लग्नागणिक आणि सासऱ्याच्या मृत्यूगणिक बाईचं संबोधन बदलतं. पत्र कुणाचं हे ठरवताना सही, सन आणि त्या साली नवऱ्याची पदवी, या तीन गोष्टी एकत्र बघा.

आज यातलं काय पाहता येतं?

चॅट्सवर्थ अजून घराण्याचं निवासस्थान आहे आणि लोकांना खुलं असतं. गेन्सबरोने काढलेलं जॉर्जियानाचं चित्र तिथे आहे. ते १८७६ मध्ये लंडनच्या दालनातून चोरीला जाऊन १९०१ मध्ये सापडलं होतं. हार्डविक हॉल नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. दोन्ही एका दिवसात उरकू नका. हार्डविकच्या भिंतींवरचे पडदे आणि भरतकाम यांनाच अर्धा दिवस लागतो. बेसची समाधी डर्बी कॅथीड्रलमध्ये, कॅथलीनची चॅट्सवर्थजवळच्या एडन्सरच्या चर्चच्या आवारात. लंडनचं डेव्हनशर हाउस १९२४ मध्ये पाडलं. त्याचं लोखंडी फाटक पिकॅडिलीवर, ग्रीन पार्कच्या कडेला उभं आहे.